चाळिशीनंतरचं वजन, पोट आणि ताकद: गोव्यातल्या बायकांचे नेहमीचे प्रश्न

पाळी मागेपुढे व्हायला लागलेल्या आणि पाळी गेलेल्या, म्हणजे साधारण ४० ते ६० वयाच्या बायका जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. दिलेली मापं स्वयंपाकघरातल्या वाटी-चमच्याने किंवा साध्या काट्यावर मोजता येतील अशी आहेत. मधुमेह, रक्तदाब, किडनी किंवा हृदयाचं दुखणं असेल तर कुठलाही बदल करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

जेवण तेवढंच, काम तेवढंच. मग पोट का सुटलं?

इथे दोन गोष्टी एकत्र होतात. पहिली वयाची. चाळिशी-पन्नाशीत वर्षाला सरासरी अर्धा-पाऊण किलो वजन वाढत जातं, आणि ते फक्त बायकांचंच वाढतं असं नाही. दुसरी इस्ट्रोजेनची. हे हॉर्मोन भरपूर असतं तोवर शरीर चरबी मांड्या आणि कुल्ल्यांवर साठवतं. ते उतरू लागलं की तीच चरबी पोटात, आतड्यांच्या आणि यकृताच्या आजूबाजूला जमते. शेवटच्या पाळीच्या साधारण दोन वर्षं आधीपासून दोन वर्षं नंतरपर्यंत चरबी वाढण्याचा वेग जास्त असतो आणि त्याच काळात स्नायू घटतात. म्हणून काटा फारसा हललेला नसतो, पण ब्लाउजचे हुक लागत नाहीत.

"काम तेवढंच" हेही जरा तपासून बघा. रगड्यावर वाटणं मिक्सरवर गेलं, विहिरीचं पाणी नळाला आलं, बाजाराला स्कूटर आली, मुलं मोठी झाली. एकेकटा बदल छोटा आहे, पण सगळे मिळून दिवसाची बरीच हालचाल गेलेली असते. त्यात रात्री तीनदा जाग येत असेल तर दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि गोडाकडे हात जातो.

म्हणून या वयातला मुख्य प्रश्न स्नायू कसे टिकवायचे हा आहे. किलो कसे उतरवायचे, हा त्याच्या मागून येतो. उपाशी राहून चार किलो उतरवले आणि त्यातला दीड किलो स्नायूच गेला, तर पोट तिथेच राहतं आणि जिना चढताना मात्र दम लागतो.

स्नायू वाढले की बसल्या जागी भरपूर कॅलरी जळतात, हे खरं का?

फारसं नाही. एक किलो स्नायू आरामात असताना दिवसाला जेमतेम १३ कॅलरी वापरतो. स्नायूंचा खरा फायदा वेगळाच आहे. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर तेच उचलतात, हाडांवर ताण देऊन हाडं राखतात आणि पाय घसरला तर तोल सावरतात.

माझं वजन जास्त आहे हे कशावरून ठरवायचं?

भारतीयांसाठी बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याची, रेषा खाली आहे. २३ च्या पुढे वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा. उंची १५५ सेंटिमीटर असेल तर साधारण ५५ किलोला पहिली रेषा येते आणि ६० किलोला दुसरी.

पण या वयात काट्यापेक्षा टेप जास्त सांगते. भारतीय बायकांसाठी कंबरेची मर्यादा ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. मोजताना हमखास होणारी चूक म्हणजे परकराची नाडी बांधतो तिथे टेप लावणं. ती जागा बहुतेक वेळा खाली, पोटाच्या वळीखाली असते आणि माप चुकतं. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपून शोधा. दोन्हींच्या मधोमध टेप उघड्या अंगावर आडवी धरा, श्वास सहज सोडा आणि त्या क्षणी आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही, टेप रुतवायची नाही. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, दर पंधरा दिवसांनी एकदा पुरे.

पाळी अजून येते, तरी हे मेनोपॉजचं असू शकतं?

हो. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं म्हणतात. भारतात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं. त्याआधी काही वर्षं हॉर्मोन्स वरखाली होत असतात आणि पोट, झोप, चिडचिड हे सगळं तेव्हाच सुरू होतं. पाळी ४० च्या आत थांबली तर मात्र "लवकर सुटले" म्हणून गप्प बसू नका. हाडं आणि हृदय दोन्हींसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. आणि अनियमित पाळीतही दिवस राहू शकतात. ५० च्या आत पाळी गेली असेल तर पुढची दोन वर्षं, ५० नंतर गेली असेल तर एक वर्ष काळजी घ्यावी लागते.

कुठल्या तपासण्या करून घेऊ?

रक्तदाब, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि हिमोग्लोबिन या पाच. साखरेची तपासणी गोव्यात टाळू नयेच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) इंडियाब पाहणीत देशातलं मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. हिमोग्लोबिन यासाठी की पाळी जाण्याआधीच्या काळात अंगावरून जास्त जातं, रक्त कमी होतं आणि थकव्याला आपण "वय झालं" म्हणतो. थायरॉइड मंदावलं तरी वजन, थकवा आणि बद्धकोष्ठ हीच लक्षणं दिसतात.

पंचेचाळिशीनंतर नुसता मेनोपॉज ओळखायला एफएसएच हे पाळीशी संबंधित हॉर्मोन तपासण्याची गरज सहसा पडत नाही. तो आकडा या महिन्यात एक आणि पुढच्या महिन्यात दुसराच येतो.

शीत-कढी सोडायची का?

नाही. गोव्याचं ताट मुळात वाईट नाही. बिघडलंय ते प्रमाण: शिताचा (भाताचा) डोंगर, त्यावर हुमण (नारळाच्या वाटणाची माशांची कढी) आणि कडेला नुस्त्याची (मासळीची) एक फोड.

एकदा आपलं नेहमीचं शीत काट्यावर ठेवून बघा. ताटभर भात सहज ३०० ग्रॅम भरतो. म्हणजे जवळपास ३९० कॅलरी. तो १५० ग्रॅमवर, सपाट भरलेल्या एका मोठ्या वाटीवर आणला की एका जेवणात १९५ कॅलरी वाचतात आणि बाकी काही बदलावं लागत नाही. रिकामी जागा भाजीने आणि नुस्त्याने भरायची. उकडे तांदूळ पॉलिश केलेल्या सुरय (न उकडलेल्या) तांदळापेक्षा बरे, पण उकडे आहेत म्हणून दुप्पट वाढून घेतले तर हिशेब तोच. पेजेचंही तसंच आहे. पेज हलकी लागते आणि पोट भरतं, पण दोन तासांत परत भूक लागते, कारण तिच्यात प्रोटीन नावाला असतं. सोबत एखादं अंडं किंवा मुगाची उसळ घ्या.

नारळाचं काय, हा पुढचा प्रश्न येतोच. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० कॅलरी असतात. चार माणसांच्या हुमणात अख्ख्या नारळाची सोय (खवलेलं खोबरं) वाटली तर प्रत्येकीच्या वाट्याला अडीचशे कॅलरी नुसत्या खोबऱ्याच्या येतात, अर्ध्या नारळाची वाटली तर निम्म्या. सोय कमी केली की हुमण पाणचट होतं आणि घरचे नाकं मुरडतात. त्यासाठी एक मोठा चमचा तांदूळ अर्धा तास भिजवून मसाल्याबरोबर वाटा, धणे थोडे वाढवा. दाटपणा येतो आणि फरक फारसा कळत नाही. शिवाय त्याच दिवशी भाजीत सोय, कोशिंबिरीत सोय आणि वर सोलकढी असं करू नका. दिवसाला एकच नारळाचा पदार्थ, असं ठरवलेलं बरं.

तळलेल्यापेक्षा तव्यावरचं नुस्तं चांगलं. चमचाभर तेल म्हणजे ४५ कॅलरी. रवा लावून भरपूर तेलात तळलेली तुकडी किती तेल पिते, ते ती काढून ठेवलेला कागदच सांगतो. बांगडा, तारले यांसारख्या तेलकट माशांना तसंही वरून जास्त तेल लागत नाही. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सल्ल्यानुसार दिवसाचं तेल २० ते ३० ग्रॅम, म्हणजे फोडणी-तळण सगळं मिळून चार ते सहा छोटे चमचे.

सुक्या नुस्त्याला, किसमुरीला (सुक्या मासळीच्या कोशिंबिरीला) ना नाही, पण मीठ जबरदस्त असतं. रक्तदाब असेल तर धुऊन, भिजवून, आठवड्यातून एकदा. पोई (कोंडा लावलेला गोव्याचा पाव) घेताना पदेराला (पाववाल्याला) विचारा की पीठ कसलं आहे. वरून कोंडा भुरभुरलेला मैदा असेल तर ती पोई आणि पाव यांत फरक उरत नाही.

प्रोटीन किती हवं, आणि ते आणायचं कुठून?

या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम धरून चला. ६० किलो वजनाला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर हा आकडा लागू नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच. दिवसभराचं एकदम खाऊन चालत नाही. तिन्ही जेवणांत साधारण २० ग्रॅम पडायला हवं. आपल्याकडे नाश्त्याला पातळ भाजी आणि दोन पाव, दुपारी मासळी आणि रात्री पुन्हा शीत, अशा दिवसात दुपार सोडली तर बाकी सगळं पीठच असतं.

अंदाजासाठी काही आकडे. एका अंड्यात ६ ग्रॅम. मध्यम बांगड्याच्या खाण्याजोग्या ९०-१०० ग्रॅम मांसात १८ ते २०, तेवढ्याच सुंगटांतही (कोळंबीतही) जवळपास तेवढंच. वाटीभर दाट डाळीत ५ ते ६, मोठी वाटी मुगाच्या उसळीत ८. १५० ग्रॅम दह्यात ५. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८. कोरड्या ३० ग्रॅम सोया चंक्समध्ये १५. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाण्यांत ६.

आता एक दिवस लावून बघू. सकाळी दोन अंडी आणि पेलाभर दूध, १८. दुपारी बांगडा, वाटीभर डाळ आणि १५० ग्रॅम शीत, २७. संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटांऐवजी फुटाणे, ६. रात्री दोन चपात्या, मुगागाथी (मुगाची उसळ) आणि दही, १९. झाले ७०, आणि यात पावडरचा डबा कुठेच नाही.

गोव्यातली खरी अडचण जूनपासून सुरू होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, नुस्तं महाग, आणि लगोलग श्रावण. दोन-तीन महिने प्रोटीन घसरतं ते कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या काळात शिवराक (शाकाहारी) जेवणाची आखणी करावीच लागते: ५० ग्रॅम मुगाचे पोळे (धिरडी) नाश्त्याला (१२ ग्रॅम), दुपारी आळसांद्यांचं तोणाक (चवळीची रस्साभाजी) आणि ताक, रात्री सोया चंक्सचं सुकं किंवा ७५ ग्रॅम पनीर. तोणाकात बटाटे वाढवून आळसांदे कमी केले तर मग ते बटाट्याचंच तोणाक. कोरडे आळसांदे माणशी ४० ग्रॅम मोजून भिजवा.

उपासाने वजन उतरेल का? १६ तासांचा उपास कसा?

दिवसभराच्या कॅलरी खरोखर कमी झाल्या तर उतरेल, एरवी नाही. घड्याळ लावून खाण्यात वेगळी जादू नाही. संध्याकाळी सातनंतर तोंड बंद ठेवायला ज्यांना सोपं जातं त्यांनी जरूर करावं. आपले पारंपरिक उपास वजनासाठी बहुधा उलटेच पडतात, कारण साबुदाणा म्हणजे शुद्ध स्टार्च, त्यावर तूप, दाणे आणि बटाटा. एकादशी-संकष्टीला शेंगदाणे, दही, राजगिरा आणि फळं यांवर राहिलं तर गोष्ट वेगळी. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन सुरू असेल तर डॉक्टरांना न सांगता उपास करू नका, साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते.

रोज मिरामारच्या किनाऱ्यावर चालते. तेवढं पुरे नाही का?

हृदयाला, साखरेला, मनाला पुरे. स्नायूंना नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम अशी आहे. दुसरा भाग आपण सगळ्याच विसरतो.

चालणं "मध्यम" आहे का ते मोजायला सोपं आहे. मिनिटाला साधारण १०० पावलं पडली पाहिजेत. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गप्पा मारत, मध्येच थांबत केलेला तासभराचा फेरफटका मन हलकं करतो, पण १५० मिनिटांच्या हिशेबात त्यातली वीसच धरा.

वाळूबद्दल एक सूचना. मऊ, कोरड्या वाळूत ताकद जास्त लागते, पण टाचेवर आणि घोट्यावर ताणही जास्त येतो. सुरुवात ओहोटीच्या वेळी ओल्या, कठीण वाळूवरून करा. किनारा एका बाजूला उतरता असतो. एकाच दिशेने लांब गेलं तर एक पाय सतत खाली पडून कंबर धरते, म्हणून अर्ध्यावरून परत फिरा. टाच आधीच दुखत असेल तर अनवाणी चालू नका, वाळू सोडून फुटपाथ आणि बूट. आणि वेळ सकाळी साडेसहाच्या आसपासची. मार्चपासून पुढे नऊ वाजता घाम वाळतही नाही इतकी हवा दमट असते, त्यात वाफा (मेनोपॉजच्या काळात अचानक अंग तापून घाम फुटणं) येत असतील तर जीव नकोसा होतो.

ताकदीचा व्यायाम म्हणजे जिमला जायचं?

जिम असेल तर उत्तम, नसेल तर प्लास्टिकची खुर्ची, दोन पिशव्या आणि घराची पायरी पुरते. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान ४८ तासांची विश्रांती, उदाहरणार्थ सोमवार आणि गुरुवार. आधी पाच मिनिटं जागच्या जागी चालून, हात फिरवून अंग गरम करा. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, असे दोन फेरे, मध्ये एक ते दीड मिनिट दम घ्या. सगळं मिळून ३५ मिनिटं.

खुर्चीवरून उठ-बस. खुर्ची भिंतीला टेकवा, नाहीतर गुळगुळीत फरशीवर ती मागे सरकते. पावलं खांद्याइतकी फाकवून, हात छातीवर. तीन मोजत खाली जा, बूड टेकलं न टेकलं की उठा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम गेला. उठताना गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर समोर आरसा ठेवा आणि ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आणा.

ढकलणं. भिंतीला हात लावून दंड. ते १२ सोपे झाले की स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून, मग स्टुलावर. जितकं खाली तितकं जड.

ओढणं. एक हात टेबलावर टेकून पुढे वाका, दुसऱ्या हातात तीन किलो भरलेली पिशवी, कोपर मागे नेत ती कमरेपाशी ओढा. मान उचलायची नाही, खांदा कानाकडे न्यायचा नाही.

उचलणं. हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत चुकणारा प्रकार. पाण्याची अर्धी बादली (साधारण १० लिटर म्हणजे १० किलो, सुरुवातीला ४-५ लिटरच) दोन पायांच्या मध्ये ठेवा. गुडघे किंचित वाकवून कुल्ले मागे ढकला, जणू हात भरलेले आहेत आणि मागचं दार कुल्ल्याने लोटायचं आहे. पाठ पाटीसारखी सरळ. कडी धरा, टाचांवर जोर देऊन उभ्या राहा. पाठ कमानीसारखी गोल झाली की वजन मणक्यावर येतं आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. ऑस्टिओपोरोसिसचं (हाडं ठिसूळ झाल्याचं) निदान झालं असेल तर हा प्रकार फिजिओथेरपिस्टसमोर शिकूनच करा.

पायरी. १५ ते १८ सेंटिमीटरची पायरी, अख्खं पाऊल वर, मागच्या पायाने उसळी न घेता चढा आणि सावकाश उतरा. कठड्याला बोट लावलं तरी चालेल.

पिशव्या घेऊन चालणं. दोन्ही हातांत चार-चार किलो, खांदे मागे, ३० ते ४० सेकंद. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून येताना जे होतं तेच, फक्त ओझं दोन्ही बाजूंना सारखं.

वजन किती घ्यायचं? शेवटी आणखी दोनच वेळा जमलं असतं असं वाटेल इतकं. एखादा प्रकार दोन दिवस सलग १२ वेळा आरामात जमला की किलो-अर्धा किलो वाढवा. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. वर्षभर तोच एक किलोचा गुलाबी डंबेल पन्नास-पन्नास वेळा हलवला जातो आणि मग "काही फरक नाही" म्हणून तो दाराला अडकण म्हणून लागतो. जोर लावताना श्वास सोडा. श्वास रोखला की रक्तदाब उसळतो आणि ओटीपोटावर दाब येतो.

स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकले तर ते ठीक. सांध्यात टोचणारी, व्यायाम करताकरताच येणारी कळ ठीक नाही. पुरुषासारखं अंग होईल ही भीती मात्र सोडून द्या. या वयात आहेत ते स्नायू राखतानाच नाकी नऊ येतात.

गुडघे दुखतात. मग कसं करू?

मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार कमी होतो, म्हणून पूर्ण बंद करणं हा उपाय नाही. खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, पायरीची उंची १० सेंटिमीटरवर आणा. दुखणं दहापैकी तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं तर चालू ठेवा. गुडघा सुजला, अडकला किंवा लटपटला तर दाखवा. खांदा हळूहळू आखडत जाऊन ब्लाउजचा मागचा हुक लावता येईनासा झाला असेल तर ते फ्रोझन शोल्डर असू शकतं. चाळीस ते साठ वयात, आणि मधुमेह असेल तर जास्तच, ते दिसतं. साखर तपासा, खांद्याला हिसके देऊ नका.

शिंकलं, उडी मारली की लघवी निसटते. व्यायाम सोडावा का?

सोडू नका, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू वेगळे कसा. गॅस सरकू नये म्हणून जसं आवळतो तसं आत आणि वर ओढा, पाच सेकंद धरा, पूर्ण सैल सोडा. हळूहळू दहा सेकंदांवर जा. एका वेळी दहा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. पोट, मांड्या, कुल्ले आवळले जात असतील तर चुकतंय. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करायचा नाही. तीन महिन्यांत फरक नसेल, किंवा खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. हे सांगायला बायका वर्षानुवर्षं लाजतात, आणि घरात पॅड साठवत बसतात.

योगासनं करते. वेगळं काही हवं का?

लवचीकपणा, तोल आणि झोपेला योग चांगला. पण त्यात पेलायचं वजन तुमच्या अंगाचंच, तेवढंच राहतं, म्हणून स्नायूंवरचा भार वाढत जात नाही. दोन दिवस ताकद, बाकी दिवस योग, असं जमवा.

पावसात चार महिने घरात. तेव्हा काय?

ताकदीचा व्यायाम तसाही घरातलाच. चालण्यासाठी जुन्या घराचा बल्कांव (दारापुढची बाकांची ओसरी) किंवा सोपा, फ्लॅटमध्ये जिना. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालतात, सलगच हवं असं नाही. जेवणानंतरची दहा मिनिटं तर साखरेसाठी सर्वांत कामाची.

आणि फुगडी आहे की! चवथीच्या आधी महिनाभर वाड्यावरच्या बायका तालीम करतात, ती तासभराची तालीम अंगातून धारा काढते. गोल फिरणं, वाकणं, दिशा बदलणं यांत तोलाचा सराव आपोआप होतो. फक्त फरशी ओली नको, आणि गुडघे कुरकुरत असतील तर बसफुगडी वगळा. पौषातल्या धालोत (बायकांच्या रात्रीच्या गाण्या-नाचात) पावलं संथ असतात, पण रात्रभर मांडावर (धालोच्या अंगणात) उभं राहणंही पायांना काही कमी नसतं.

वाफा येतात, झोप तुटते. याचा वजनाशी काय संबंध?

थेट आहे. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त आणि व्यायामाचा कंटाळा. निजताना सुती कपडे, पंखा थेट अंगावर, जड जेवण निजण्याआधी तीन तास उरकलेलं, दुपारी दोननंतर चहा-कॉफी नाही. तिखट-मसालेदार खाल्लं की वाफा वाढतात का, ते आठ दिवस लिहून बघा. प्रत्येकीचं वेगळं असतं.

दारूचं नाव काढलं की कोणी घेत नसतं, तरी लिहितो. मार्च-एप्रिलमध्ये हुर्राकाचा (काजूच्या बोंडांच्या दारूचा) एखादा ग्लास गोड सोड्याबरोबर होतोच. १५० मिलि हुर्राकात सव्वाशेच्या आसपास कॅलरी, आणि सोड्यातली साखर वेगळी. दारूने वाफा वाढतात आणि झोप लागली तरी मध्यरात्री मोडते.

कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्यात का?

पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे. आधी ताटातलं मोजा. २५० मिलि दुधात साधारण ३००, ३० ग्रॅम नाचणीच्या तिजणात (खिरीसारख्या पेजेत) १००, काट्यांसकट खाल्लेले छोटे तारले आणि सुका गालमो (बारीक सुकी कोळंबी) यांतून भर. उरलेलं गोळीने, पण एका वेळी ५०० पेक्षा जास्त नको, आतडं तेवढं शोषत नाही. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्या. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा. ही चूक फार होते आणि मग टीएसएच का वर गेला ते कळत नाही. ऊन भरपूर असूनही डी जीवनसत्त्व कमी असू शकतं, कारण आपण सावलीत आणि अंगभर कपड्यांत असतो. तपासूनच घ्या. हे जीवनसत्त्व जास्त झालं तरी अपाय होतो.

हॉर्मोनच्या गोळ्यांनी वजन वाढतं की उतरतं?

त्या वजनासाठी नाहीतच. त्यांनी वजन वाढतं ही समजूत चुकीची, आणि उतरतं म्हणून त्या घ्यायच्याही नसतात. तीव्र वाफा, तुटणारी झोप, योनीचा कोरडेपणा यांवर त्या चांगल्या चालतात. झोप परत आली की व्यायाम आणि जेवण आपोआप जमतं, हा त्यांचा आडवळणाचा फायदा. वय ६० च्या आत आणि पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत सुरू केल्या तर फायदा-तोट्याचं पारडं सहसा फायद्याकडे झुकतं. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा चालू आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव यांत सहसा देत नाहीत.

आणि ती वजनाची इंजेक्शनं?

सेमाग्लुटाइड आणि तिर्झेपाटाइड ही दोन्ही खरोखर काम करतात, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं आहेत, ब्युटी पार्लरची नव्हेत. भूक इतकी मरते की प्रोटीनच खाल्लं जात नाही आणि वजनाबरोबर स्नायूही जातात. घ्यायचीच असतील तर वर सांगितलेला ताकदीचा व्यायाम दुप्पट गरजेचा. बंद केल्यावर बरंचसं वजन परत येतं. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल किंवा तुम्हाला स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला असेल तर आधी सांगा. "पंधरा दिवसांत दहा किलो" वाल्या पावडरी आणि काढ्यांवर पैसे घालवू नका.

किती दिवसांत फरक दिसेल? मध्येच काटा अडला तर?

दिवसाला ३०० ते ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो. ताकद चार ते सहा आठवड्यांत कळते: सिलिंडर सरकवताना, उंचावरची पिशवी काढताना. कंबर दोन-तीन महिन्यांत.

व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत किलोभर वजन वाढलेलं दिसू शकतं, स्नायू पाणी धरतात म्हणून. पाळी येत असेल तर तिच्या आधीही तसंच. म्हणून रोजचा आकडा बघून वैतागू नका, आठवड्याची सरासरी काढा. सरासरी चार आठवडे हलली नाही, कंबरही तशीच, तर तीन दिवस खाल्लेलं सगळं लिहा, चाखून बघितलेलंसुद्धा. चवथीच्या न्हेवऱ्या (करंज्या), मुलांच्या ताटातलं उरलेलं आणि चौथ्या चहातली साखर तिथेच सापडते.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं?

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थेंबभरही रक्त दिसलं तर. तासाला एक पॅड भिजत असेल तर. प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर. पोट काही आठवडे सतत फुगलेलं आणि दोन घासांत भरल्यासारखं वाटत असेल तर, कारण तशी चरबी फुगत नाही आणि अंडाशयाची सोनोग्राफी करून घ्यावी लागते. चालताना छातीत, जबड्यात किंवा पाठीत दाब आला, अचानक दम लागून घाम फुटला, तर ती "वाफ" आहे की काय, याचा विचार करत बसू नका. थांबा आणि १०८ ला फोन करा.